बिनआवाजाच्या बसला आवाज देणाऱ्या यशोधराताई

यशोधराताई बिऱ्हाडे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. जळगावच्या आमच्या शहर बस आगारात मी एका जुन्या डिझेल गाडीखाली उताणा पडून गिअरबॉक्स उतरवत होतो. दोन साध्या काळ्या चपला गाडीशेजारी येऊन थांबल्या आणि वरून आवाज आला, "खाली कोण आहे?"

"काम करणारा माणूस आहे," मी वैतागून म्हणालो. ऑइल गळून माझ्या कोपरापर्यंत आले होते.

"मग काम चालू द्या. मी थांबते."

मला वाटले, कोणी तक्रार घेऊन आलेल्या प्रवासी बाई असतील, कंटाळून जातील. बऱ्याच वेळाने मी सरपटत बाहेर आलो, तर त्या एका जुन्या टायरवर शांतपणे बसलेल्या होत्या. उठून म्हणाल्या, "मी यशोधरा बिऱ्हाडे. आजपासून या आगाराची प्रमुख. तुमचं नाव?"

मी खजील होऊन नाव सांगितले. भास्कर पाटील, मूळ गाव धुळ्याजवळचे सोनगीर, डिझेल मेकॅनिक. माझ्या उद्धट उत्तराचा त्यांनी उल्लेखही केला नाही. गाडी कधी दुरुस्त होईल एवढेच विचारले आणि संध्याकाळी ती बाहेर पडली तेव्हा तिच्या पहिल्याच फेरीत तिकीट काढून बसल्या. आमच्या हातचे काम चालते कसे, हे त्यांना बसूनच पाहायचे होते. अधिकाऱ्याची ही तऱ्हा आम्हाला नवी होती.

यशोधराताईंच्या वयाला साठ वर्षे पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात लिहिण्याची संधी मला मिळाली, हा मी माझा मान समजतो. माझ्या हातात पाना शोभतो, लेखणी नाही. परंतु जळगावात आणि आता धुळ्यातही विजेवरच्या बस धावू लागल्या, त्यामागे ताईंनी काय केले हे जवळून पाहिलेल्यांपैकी मी एक आहे. ते सांगितले पाहिजे.

ताई मूळच्या रावेर तालुक्यातल्या. त्यांचे वडील केळीचे घड ट्रकमध्ये भरण्याचे काम करीत, आई शेतात मजुरीला जात. शिकले पाहिजे, हा बाबासाहेबांचा निरोप त्या घरात नुसता तसबिरीखाली राहिला नाही. तो आईवडिलांनी कष्ट करून पाळला. कॉलेजसाठी ताई बसने ये-जा करीत. एकदा परीक्षेच्या दिवशी बस वेळेच्या आधीच निघून गेली. वडिलांनी धावपळ करून त्यांना केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसवून दिले. पेपर मिळाला, पण तो प्रवास त्या विसरल्या नाहीत. पुढे आगारप्रमुख झाल्यावर बस उशिरा सुटली तर त्या कारण विचारीत. वेळेआधी सुटली तर मात्र रागावत. म्हणत, "उशिरा येणाऱ्या बसची वाट तरी बघता येते. लवकर गेलेल्या बसचं माणसानं काय करायचं?" त्यांचा हा राग आमच्या आगारात सर्वांनी केव्हा ना केव्हा झेललेला आहे. मीही झेललेला आहे.

शहरात विजेवरच्या बस येणार हे ठरले तेव्हा बाहेर आनंद होता आणि आगारात सुतक. या गाड्या एक कंत्राटदार कंपनी पुरवणार होती आणि कंपनी आपलीच तरुण मुले चालक म्हणून आणि तंत्रज्ञ म्हणून आणणार, अशी बोलवा होती. आमच्याकडचे बहुतेक चालक पन्नाशीला टेकलेले. डिझेल गाडी त्यांच्या अंगात भिनलेली. इंजिनाचा आवाज ऐकून ते गिअर बदलत, आवाज ऐकूनच गाडीचे दुखणे ओळखत. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ सुकलालभाऊ. कार्यशाळेत ताईंनी बैठक घेतली तेव्हा तेच उठून उभे राहिले.

"ताई, बठ्ठा म्हणतस, नवी गाडी उनी म्हंजे जुना माणूस घर जाई. खरं शे का?"

नवी गाडी आली की जुना माणूस घरी जाणार, ही भीती सगळ्यांच्याच मनात होती. ताई म्हणाल्या, "सुकलालभाऊ, मला अजून माहीत नाही. तुम्हाला धीर द्यायला म्हणून मी खोटं बोलणार नाही. पण तुमच्या वतीनं मी भांडेन, एवढं आजच सांगते."

त्या भांडल्या कशा, ते मी डोळ्यांनी पाहिले. कारण कंपनीबरोबरच्या बैठकीला कार्यशाळेचा माणूस म्हणून त्या मला सोबत घेऊन गेल्या होत्या. कंपनीचे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, पन्नाशीच्या ड्रायव्हरला हे शिकवण्यात फार वेळ जाईल. आमची मुलं तयार आहेत."

"तुमच्या मुलांना गाडी माहीत आहे. माझ्या माणसांना गाव माहीत आहे," ताई म्हणाल्या. "कोणत्या बोळातून सायकल आडवी येते, कोणत्या शाळेची पोरं रस्त्यावरून पळतात, हे शिकायला वेळ लागत नाही का?"

"पण या वयात..."

"माझं वय चोपन्न. मी आयुष्यात बस चालवलेली नाही. आधी मी शिकते. मला जमलं तर त्यांना नक्कीच जमेल. नाही जमलं तर तुमची मुलं आणा."

ते अधिकारी हसले. त्यांना तो विनोद वाटला. ताई हसल्या नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना काढला आणि गुरू म्हणून निवडले सुकलालभाऊंना. सकाळी आगाराच्या मागच्या मोकळ्या मैदानावर जुनी डिझेल गाडी हिसके खात फिरू लागली. सुरुवातीला आम्ही खिडकीआडून पाहत होतो, मग उघडच भिंतीवर बसून पाहू लागलो. सुकलालभाऊ साहेबांपुढे मान वर न करणारे गृहस्थ, पण चार दिवसांत त्यांचा आवाज मैदानभर ऐकू येऊ लागला, "ताई, क्लच हळू सोडा! गाडी शे, घोडं नही!"

परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी गाडी मागे घेताना ताईंनी कोपऱ्यातला पत्र्याचा ड्रम आडवा केला. तिथून त्या सरळ कार्यशाळेत आल्या आणि आम्हा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नापास!" त्यावर असा काही हशा पिकला की सांगता सोय नाही. त्याही पोट धरून हसल्या. त्या हशानंतर आगारातली भीती निम्मी झाली असे मला आजही वाटते. आपली साहेब नापास होऊ शकते, ते सांगू शकते आणि पुन्हा बसू शकते. मग आपल्याला लाज कसली? पुढच्या परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या, आणि प्रशिक्षणासाठी पहिली विजेवरची गाडी आली तेव्हा तिच्यासमोर आपल्या चालकांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

त्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. सुकलालभाऊंचा डावा पाय कित्येक दिवस क्लच शोधत राही. ॲक्सिलरेटरवर उजवा पाय दाबला की गाडी झटकन उसळे, उचलला की आपोआप मंदावे. पण हळूहळू एकेकाचा हात बसला. ज्या एक-दोघांना नाहीच जमले त्यांना ताईंनी आगारातच दुसरे काम मिळवून दिले. नव्या गाडीमुळे आमच्या आगारातला एकही माणूस घरी गेला नाही, हे मी येथे अभिमानाने नोंदवतो.

त्या माणसांत मीही आलो. माझे सारे आयुष्य नोझल, पंप आणि क्लचप्लेटमध्ये गेलेले. नवी गाडी उघडून पाहिली तर आत इंजिनच नाही. नारंगी रंगाच्या जाड केबली आणि त्यांना हात लावू नये अशी ताकीद. मी ताईंकडे गेलो आणि म्हणालो, "ताई, आता माझं काय?" त्यांनी मला कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवले. तिथले शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत. निघताना त्यांनी सांगितले, "रोज संध्याकाळी मला फोन करायचा आणि आज काय शिकलात ते मराठीत समजावून सांगायचं. मला कळलं तर तुम्हाला कळलं." मी रोज फोन करीत असे. कधी कधी त्या म्हणत, "नाही कळलं भास्करभाऊ, उद्या पुन्हा विचारून या." मी पुन्हा विचारीत असे. असे विचारता विचारता मी ती गाडी शिकलो. आज धुळ्याच्या आगारात मी जी देखभाल सांभाळतो आणि नव्या मुलांना शिकवतो, ती त्या फोनवरची विद्या आहे.

पहिल्या दिवशी गाड्या निघाल्या तेव्हा सर्वांना नारळ फोडायचा होता, चाकाखाली लिंबे ठेवायची होती. ताई बुद्धवंदना म्हणणाऱ्या. या गोष्टी त्यांच्या श्रद्धेच्या नाहीत. पण त्या म्हणाल्या, "ज्याला नारळ फोडायचा त्यानं फोडावा, मला आनंदच आहे. लिंबं मात्र नकोत. तो लगदा झाडणाऱ्या बाईंना खरडून काढावा लागतो." त्या दिवशी लिंबे नव्हती. झाडूवाल्या मावशींना पहिल्या गाडीत पहिल्या बाकावर बसवले होते.

लोकांना गाड्या आवडल्या. धूर नाही, हादरे नाहीत, खानदेशी उन्हात थंड हवा. आणि नेमके सारे सुरळीत चालले असताना एक अपघात झाला.

मेहरूणकडच्या एका भाजीबाजारातून सुकलालभाऊ सावकाश गाडी नेत होते. कमलअक्का नावाच्या एक भाजीविक्रेत्या रस्त्याकडे पाठ करून सांडलेली वांगी गोळा करीत होत्या. त्या तशाच वाकलेल्या दोन पावले मागे सरकल्या आणि गाडीच्या बाजूचा धक्का बसून पडल्या. मनगट मोडले. सुकलालभाऊंनीच उतरून त्यांना उचलले. तेवढ्यात गर्दीने गाडी घेरली. "ही भुताची गाडी बंद करा," असा आरडाओरडा झाला, काचेवर दगड आला. संध्याकाळपर्यंत दोन मागण्या पुढे आल्या. काही पुढारी म्हणाले, सेवा थांबवा. कंपनी म्हणाली, चालक म्हातारा आहे, त्याला काढा, म्हणजे प्रश्न मिटेल.

ताईंनी वरिष्ठांपुढे स्पष्ट सांगितले, "चौकशी होईपर्यंत सुकलालभाऊ गाडीवर जाणार नाहीत, हे रास्तच आहे. पण प्रश्न मिटवण्यासाठी माणूस काढायला मी तयार नाही. या चालकांसाठी शब्द मी टाकला होता. काढायचंच असेल तर मलाही जाब विचारा."

आणि त्या दवाखान्यात कमलअक्कांकडे गेल्या. मी बरोबर होतो. ताईंनी प्रथम माफी मागितली. कमलअक्का पडल्या पडल्या म्हणाल्या, "तो माणूस वाईट नही, ताई. त्यानीच माले उचलं. पण गाडी ऐकूच उनी नही, माय."

गाडी ऐकूच आली नाही. ताईंनी ते शब्द मनात धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या चालकांना आगारासमोरच्या रस्त्याच्या कडेला एका ओळीत उभे केले, रस्त्याकडे पाठ करून. "डोळे मिटा. आपली गाडी मागून येईल. जवळ आलेली कळली की हात वर करा." सुकलालभाऊही ओळीत होते. आदल्या दिवसापासून सुन्न बसलेल्या त्या माणसाला ताईंनीच हाताला धरून आणले होते.

रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. रिक्षा गेल्या, मोटारसायकली गेल्या. चालक डोळे मिटून उभे. काही वेळाने ताईंनी डोळे उघडायला सांगितले. एकाचाही हात वर झालेला नव्हता.

"ताई, गाडी कव्हय गई?" सुकलालभाऊंनी विचारले.

"केव्हाच गेली," म्हणत मी पुढे बोट दाखवले. गाडी त्यांच्या पाठीमागून जाऊन पुढच्या वळणावर उभी होती. ती पाहून सुकलालभाऊंनी डोक्याची टोपी काढली आणि ते रडू लागले. अपघात झाल्यापासून त्यांना वाटत होते की आपली नजर चुकली, आपले वय झाले. कोणी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही. ताई त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

या गाड्यांना हळू चालताना आवाज देण्याची सोय होती, पण तो आवाज आमच्या बाजाराच्या गलक्यात बुडून जाई. तो बदलायचा तर कंपनीची मान्यता हवी, वेळ लागणार. ताईंनी तोवर बाजारातली वाट बंद करून गाड्या बाहेरच्या रस्त्याने वळवल्या. त्यावरूनही ओरड झाली. प्रवाशांना चालावे लागे, वरून रोज विचारणा होई. ताई एकच उत्तर देत, "चालायला लागतं याचं मला वाईट वाटतं. पण ऐकू येत नाही तोवर गाडी बाजारात नेणार नाही." त्या स्वतः बाजारात उभ्या राहून प्रवाशांचे बोल ऐकून घेत. दुसऱ्याला पुढे करून स्वतः मागे राहणे त्यांना कधी जमलेच नाही.

कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आणि मी मिळून निरनिराळे आवाज तयार करू लागलो. पसंत कोणी करायचा? आम्हाला वाटले, ताई करतील. ताई म्हणाल्या, "ज्यांना ऐकू आला नाही त्यांनीच." कमलअक्का हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत आगारात आल्या, सोबत बाजारातल्या आणखी काही बाया. त्यांना गाडीच्या वाटेकडे पाठ करून बसवले. गलका हवा म्हणून आमचेच कंडक्टर "मेथी घ्या, मेथी" असे बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

पहिला आवाज ऐकून कमलअक्का म्हणाल्या, "हाऊ तं मोबाईल वाजस." दुसरा लावला. "हाऊ ऐकीसन झोप येस." बायांबरोबर तो इंजिनिअरही हसू लागला. असे बरेच आवाज नापसंत झाले. शेवटी आम्ही एक जाडसर, थरथरता आवाज लावला, गाडी वेग घेईल तसा चढणारा. कंडक्टर ओरडत होते. गाडी अजून बरीच लांब होती, तोच कमलअक्कांनी चांगला हात एकदम वर केला आणि पाठमोऱ्याच ओरडल्या, "उनी! गाडी उनी!"

ताईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते त्या एकाच दिवशी. पण त्यांचा स्वर नेहमीचाच होता. "भास्करभाऊ, हाच. सगळ्या गाड्यांना."

रीतसर मान्यता आली, चौकशीत सुकलालभाऊ निर्दोष ठरले. बाजाराची वाट पुन्हा सुरू करायच्या दिवशी पहिल्या गाडीवर कोणी जायचे, यावर चर्चा चालली असताना कमलअक्कांनीच निरोप धाडला, "बाजारमा पहिली गाडी सुकलालभाऊनीच लई येवाले पाहिजे." आणि त्यांनीच आणली. भाजीवाल्या बाया रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या होत्या. दगड आला होता त्याच जागी कोणीतरी काचेवर झेंडूची माळ अडकवली. सुकलालभाऊ पुढे त्याच गाडीवरून सन्मानाने निवृत्त झाले.

धुळ्यात या गाड्या सुरू व्हायच्या ठरल्या तेव्हा तिथे जाणता मेकॅनिक हवा होता. ताईंनी माझे नाव सुचवले. आगारातले लोक म्हणाले, हाताशी असलेला माणूस कशाला सोडता? ताईंना ठाऊक होते की सोनगीरला माझी आई एकटी असते आणि धुळ्याहून मी रोज घरी जाऊ शकेन. मी हे त्यांना कधी मागितले नव्हते. आईने ते मनात ठेवले आणि ताईंना एकदा जेवायला बोलावलेच. वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आईने त्यांना ओसरीवर नव्हे, चुलीपाशी आपल्याजवळ बसवले आणि गरम भाकरी स्वतःच्या हाताने ताटात टाकली. आमच्या गावातल्या जुन्या चालीरीती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. आईने तो एका वाक्यात सांगितला: "मन्हा पोरले तुम्ही सांभाळं, आते हाई घर तुमनं शे."

निवृत्तीनंतरही ताईंची रजा मंजूर झालेली नाही. धुळ्यातल्या नव्या चालकांचा वर्ग त्या महिन्यातून एकदा घेतात आणि सत्कार म्हटले की काही ना काही कारण काढून टाळतात. या ग्रंथालाही त्यांचा विरोधच होता. तो मोडून काढणाऱ्या सर्व मित्रांचे मी आभार मानतो.

गेल्या महिन्यात त्या धुळ्याला आल्या होत्या. अलीकडे त्यांचे गुडघे दुखतात. थांब्यावर गाडी आली, दार उघडले. जुन्या गाड्यांच्या उंच पायऱ्या आता नाहीत. रस्त्यावरून सरळ पाऊल आत ठेवता येते. तरी कंडक्टर मुलीने अदबीने हात पुढे केला. ताईंनी तिच्या खांद्यावर थोपटले, "राहू दे गं, जमतंय मला," म्हणाल्या आणि आत जाऊन खिडकीपाशी बसल्या.

ताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, हे तर सारेच म्हणतील आणि मीही मनापासून म्हणतो. पण मी गाड्यांचा माणूस. माझे मागणे नेमके आहे. अजून पुष्कळ वर्षे आमची बस थांब्याला लागावी, तिचे दार आपल्यासमोर उघडावे, आणि आपण कोणाचाही हात न धरता आत यावे.